दोनच इस्पिक

मावशी चष्मा घरी विसरली, तो द्यायला भाची क्लबात गेली आणि ब्रिजच्या टेबलापाशी अडकली. मावशी, तिची मैत्रीण आणि एक जनावरांचा डॉक्टर असे तिघेच बसले होते. डॉक्टरचा भिडू आला नव्हता.

"बसा ना माझ्यासमोर," तो म्हणाला. त्याच्या बाहीवर मांजराचे केस होते.

"मला फक्त गुलामचोर येतो."

"मग चोरीपासूनच सुरुवात करू."

ती हसली... आणि बसली.

मग दर रविवारी तो तिला शिकवू लागला. पहिल्या बोलीने फारसं कळत नाही, तो सांगायचा, बरी पानं आहेत एवढंच कळतं. भिडूने उत्तर दिलं की सुरुवात करणाऱ्याने दुसऱ्या बोलीत खरं काय ते सांगायचं. हात बेताचा असेल तर आपलाच रंग खालच्या पायरीवर पुन्हा म्हणायचा, नाहीतर भिडूच्या रंगाला हळूच दुजोरा द्यायचा. हात भारी असेल तर मधल्या पायऱ्या सोडून वर उडी मारायची.

"तुम्ही कधी मारता उडी?"

"पानं आली की."

"की धीर आला की?"

त्याने नीट लावलेली पानं उगाच पुन्हा लावली. कान मात्र लाल झाले होते.

मावशीच्या चष्म्याच्या दुकानात ती नजर तपासायची. एकदा तोही येऊन खुर्चीत बसला. सगळ्यात खालची ओळ त्याने धडाधडा वाचली. तुमच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही, तिने सांगितलं. माहीत आहे, तो म्हणाला आणि तरी बराच वेळ उठला नाही.

मावशीला आता लेकीकडे राहायला जायचं होतं. दुकान तू चालवतेस की विकू, असं ती विचारत होती. बघू, बघू म्हणत भाचीने दिवस ढकलले. ती कशाची वाट पाहत होती, हे मावशीला न सांगताच कळत होतं. शेवटी दुकान विकत घ्यायला एक गिऱ्हाईक चालून आलं, तेव्हा भाचीने दुकान मीच चालवते म्हणून शब्द दिला. मावशीने गिऱ्हाइकाला परत पाठवलं. डॉक्टरने भाचीचं मनापासून अभिनंदन केलं, जरा जास्तच मनापासून.

पुढच्या रविवारी क्लबाची स्पर्धा होती. शेवटच्या डावात त्याने एक बदामने सुरुवात केली. तिच्याकडे थोडीच बरी पानं होती. ती एक इस्पिक म्हणाली. त्याने बराच वेळ घेतला... मग म्हणाला, "दोन इस्पिक."

म्हणजे हात बेताचा. ती 'पास' म्हणाली आणि बोली तिथेच थांबली.

खेळ तिच्याकडे आला, म्हणून रीतीप्रमाणे त्याने आपली पानं टेबलावर उघडी मांडली. एक्के, राजे, राण्या — आणि चार इस्पिकं! चारची बोली सहज झाली असती. तिने दहा हात घेतले, चारच्या बोलीला लागतात तेवढे, पण बोली दोनचीच होती. स्पर्धा हातची गेली.

बाहेर गार वारा सुटला होता. दोघं घरी चालत निघाली. तिने विचारलं, "एवढं सगळं हातात असताना दोनच?"

"वाटलं, तुमच्यावर ओझं पडेल. झेपलं नसतं तर..."

"ते मी ठरवलं असतं. तुम्ही नुसतं सांगायचं होतं."

तो दिव्याखाली थांबला. दूरच्या अभयारण्यात आपल्याला नोकरी लागली आहे, महिनाअखेर निघायचं आहे, हे त्याने खाली बघत सांगितलं. पत्र येऊन बरेच दिवस झाले होते. तिला विचारायचं रोज मनात यायचं. पण तिचं दुकान, तिची माणसं... तिला पेचात कशाला टाकायचं, म्हणून राहून गेलं.

मग त्याने मान वर केली आणि पहिल्यांदाच तिला एकेरीत म्हणाला, "तू येशील माझ्याबरोबर?"

त्या एका 'तू'साठी ती किती रविवार थांबली होती!

"मागच्या आठवड्यात विचारलं असतंस, तर आले असते," ती म्हणाली. "आता मावशीला शब्द दिलाय. तिने माझ्या भरवशावर गिऱ्हाईक घालवलं."

त्याने समजल्यासारखी मान हलवली. तिच्या खांद्यावरून घसरलेली शाल त्याने नीट केली. हात क्षणभर तिथेच राहिला.

तो गेल्यावर मावशी म्हणाली, निदान विचारून तरी गेला, हे बरं झालं. तिला काही तसं वाटलं नाही. न विचारता गेला असता, तर निदान त्याच्यावर रागावता तरी आलं असतं.