रिकाम्या रॅम्पचं वजन

चौतीस वर्षं मी बंदराच्या कचेरीत कारकुनी केली. नाव हरिश्चंद्र, त्यामुळे खोटं लिहायची सोय आईवडिलांनी बारशालाच बंद करून टाकली. निवृत्तीनंतर मालगुंडच्या अलीकडच्या एका छोट्या बोटकारखान्याने मला बोलावलं ते याच गुणासाठी. चाचणीत पडद्यावर जो आकडा दिसेल तो वहीत लिहायचा आणि खाली सही करायची. एवढंच काम. आकड्यांना कोण घाबरतं?

जहाज होतं पुळणीला नाक टेकवून उभं राहणारं. नाकाशी रॅम्प. तो वाळूवर सोडला की ट्रक थेट किनाऱ्यावर उतरायचा. पूर्वीचे रॅम्प लोखंडाचे. खारी हवा चार पावसाळ्यांत त्यांची चाळण करी. कारखान्यातल्या दीपाली या इंजिनिअर मुलीने नवा अॅल्युमिनियमचा बनवला होता. वजनाने निम्मा, गंजाला दाद न देणारा. त्याच्या फळ्यांखाली वजनकाटे बसवले होते आणि आकडा वर डेकवरच्या पडद्यावर उमटे.

पौषातली संध्याकाळ होती, ओहोटी लागलेली. बाकीची माणसं चाचणीचा ट्रक आणायला गेली होती. डेकवर मी आणि दीपाली, खाली वाळूवर, रॅम्प दोराने वर ओढणारी विंच चालवणारा कमाल.

रॅम्पच्या बिजागरीत एक अडचण निघाली. खीळ स्टीलची. खाऱ्या पाण्यात स्टील अॅल्युमिनियमला टेकलं की अॅल्युमिनियम झिजतं, म्हणून मधे नायलॉनची चकती असते, भाऊबंदांच्या आगरांमधे दगडी गडगा असतो तशी. ती सरकली होती. रॅम्प अर्धा उचलून विंचच्या ब्रेकवर ठेवला आणि कमाल त्याच्याखाली शिरला.

"चाचा, आधी टेकू लावा!" दीपाली ओरडली.

"टेकू कशाला गो? लोखंडाचा असता तर लावला असता. हा तुझा पापड पडून पडून काय करणार?"

ती हसली. मीही हसलो. अर्धवट उचललेल्या रॅम्पवर दीडशे किलोंहून जास्त भार आला तर ब्रेक सुटेल, हे तिनेच मला सकाळी समजावलं होतं. पण रिकाम्या रॅम्पवर भार येणार कुठून?

पडद्यावर अठ्ठावन्न उमटले.

"खारी हवा," दीपाली पुटपुटली. "काटा भरकटतो." तिने बटण दाबून काटा शून्यावर आणला. मी सवयीने वहीत लिहिलं: ५८, शून्य केला.

जरा वेळाने एकाहत्तर. आकडा एकदम आला नाही. आधी तीस, मग पन्नास, मग एकाहत्तर... माणूस एक पाय टाकून मग दुसरा टाकतो तसा. तिने पुन्हा शून्य केला. मी लिहिलं: ७१, शून्य केला.

लाटांचा आवाज मला ऐकू येईनासा झाला होता. वास मात्र येत होता. पाण्यात फार दिवस राहिलेल्या कपड्यांचा. रॅम्प डोळ्यांसमोर होता. स्वच्छ, चकचकीत, रिकामा. खालून कमालचं गुणगुणणं येत होतं.

पडद्यावर बारा. मग सोळा.

दीपालीचं बोट बटणाकडे गेलं. मी वहीत पाहिलं. कारकुनाला दोन आकडे एकाखाली एक दिसले की बेरीज आपोआप होते. एकशे एकोणतीस. काटा शून्य केला म्हणून वजन उतरत नाही...

"हात लावू नकोस," मी म्हणालो. "कमाल! बाहेर ये! आत्ता!"

"काका, चकती बसतेच आहे—"

"तुझ्या आईची शपथ आहे, बाहेर ये!"

पडद्यावर वीस. तो खेकड्यासारखा आडवा सरपटत निघाला. बावीस. ब्रेक सुटला आणि पापड वाळूत असा आदळला की जहाज हादरलं. कमालची चप्पल आतच राहिली. पाय वाचला.

दीपाली रडायला लागली. माझी नजर पडद्यावर होती.

चौसष्ट. मग सहा. मग उणे पासष्ट. मग उणे एकशे एकोणतीस, आणि काटा तिथेच थांबला.

"उणे?" ती कुजबुजली.

"जे तू शून्य धरलंस, ते उतरलं," मी म्हणालो. "तिघंही उतरले."

खाली कमाल रॅम्पच्या टोकाशी उभा होता. ओहोटीची ओली वाळू त्याच्याभोवती पाटीसारखी कोरी होती. तिच्यावर उमटली होती ती फक्त त्याचीच पावलं.

"कमाल, वर ये बाबा," मी हाक मारली.

तो आला नाही. आमच्याकडे बघत राहिला. आमच्याकडे म्हणजे, थोडा आमच्या मागे.

"काका..." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तुम्ही दोघं खाली या. पळू नका. मागं बघू नका. हळू हळू या."

आम्ही रॅम्पवर पाय ठेवला. तो भिजक्या कपड्यांचा वास आमच्या मागोमाग उतरू लागला. आणि आमच्याकडे तोंड करून, नजर आमच्या मागेच खिळवून, कमाल जहाजाच्या कडेकडेने एक एक पाऊल मागे, समुद्रात शिरू लागला.