एक ठोका, डावीकडे

मकबूलच्या होडीत पुढे बसणाऱ्याला एकच काम असतं. हातात बांबू धरायचा आणि बुडालेलं झाड किंवा जुना खुंट दिसला की होडीच्या कडेवर ठोका द्यायचा. एक ठोका म्हणजे डावीकडे वळव, दोन म्हणजे उजवीकडे. मागे इंजिनाशी बसलेल्या मकबूलला पुढचं पाणी नीट दिसत नाही, आणि इंजिनाच्या आवाजात माझं बोलणं तर मुळीच ऐकू जात नाही. "तुमचा आवाज लायब्ररीतला हाय, सितारामभाऊ," असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. खरंच होतं ते. माझी सगळी नोकरी वाशीच्या एका ग्रंथालयात झाली.

मकबूलचं पनवेलला हार्डवेअरचं दुकान आहे, आम्ही एकाच सोसायटीत राहतो. खाडीतल्या जिताडा माशाबद्दल मी वाचलं होतं खूप, पकडला एकही नव्हता. त्या रविवारी दुपारी भरतीबरोबर आम्ही गाढी नदीत शिरलो. खाडीपासून आत गेलं की ही नदी अरुंद होत जाते. दोन्ही काठांना तिवरांची दाट झाडी, पाण्यात उन्मळून पडलेली झाडं, फाटकी जाळी, कुणीतरी टाकलेले सिमेंटचे पाइप. जिताडा अशाच अडचणीत दबा धरून बसतो. ओहोटीनं जोर धरण्याआधी बाहेर पडायचं, हे मकबूलनं निघतानाच बजावलं होतं. नंतर इथे नुसता चिखल उरतो आणि त्यात रुतलेल्या होडीतून उतरून जाता येत नाही. माणूस छातीपर्यंत आत जातो.

एका बुडालेल्या फांदीशेजारी मी गळाला लावलेला रबराचा खोटा मासा टाकला. दोनदा ओढला. तिसऱ्यांदा कुणीतरी हातातून गळाची काठीच हिसकावल्यासारखं झालं.

रीळ किंचाळायला लागलं. जिताडा पाण्याबाहेर उसळला, चांदीच्या परातीसारखा चमकला आणि थेट झाडांच्या गर्दीत घुसला. "सोडू नका भाऊ, मी येतो त्याच्या मागं," असं म्हणत मकबूलनं इंजिन वाढवलं. मी उभा राहिलो. या वयात, हलत्या होडीत, पोहता येत नसताना. तंगूसाचा दोरा बोटं कापत होता आणि मी हसत होतो. होडी एका खुंटाला चुकवून गेली, मग एका पाइपला, मग आडव्या खोडाला. इतक्या सफाईनं आम्ही कधीच गेलो नव्हतो.

शेवटी मासा हातजाळीत आला. हातभर लांब, डोळे सोनेरी. मकबूलनं माझ्या पाठीवर थाप मारली. मासा भारीच आहे, पण एका हातानं गळ धरून दुसऱ्या हातानं इतके बरोबर ठोके मी कसे दिले, याचंच त्याला जास्त कौतुक होतं.

ठोके मीही ऐकले होते. बांबू घरंगळत असेल असं वाटलं होतं. पण बांबू माझ्या पायाखाली होता, आणि तो दाबून धरूनच मी उभा होतो.

हे मी त्याला सांगितलं नाही. दोन्ही हात रिळावर असताना मी काय केलं आणि काय नाही, याची खात्री मला तरी कुठे होती?

ओहोटी लागली होती. परत फिरताना मी बांबू घेऊन पुढे बसलो. एक फांदी दिसली. मी बांबू उचलण्याआधीच ठोका पडला. बरोबर पडला. पुढच्या खुंटालाही तसंच. एकदा मी घाईनं चुकीचा ठोका देणार होतो, तेवढ्यात खालून दोन ठोके आले आणि पाण्याखालचं खोड मला नंतर दिसलं. भीती वाटायला हवी होती. पण मासा पायाशी होता, वारा तोंडावर होता आणि मला फक्त एवढंच वाटलं, की हे जे कोण करतंय त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतंय. मी बांबू खाली ठेवला.

काठांवरचा चिखल उघडा पडत चालला होता. पुढे नदीला फाटा होता. उजवीकडे आम्ही आलो ती वाट, रुंद, लांबवर रस्त्याचा पूल. डावीकडे तिवरांनी झाकलेली चिंचोळी फट.

एक ठोका पडला.

होडी डावीकडे वळली.

मी उजवीकडे पाहिलं. तिथे काहीच आडवं नव्हतं. मला दिसत नसेल, असं मी स्वतःला म्हटलं.

पुन्हा एक ठोका. तिवरांची पानं चेहऱ्याला लागली. पाणी काळं झालं.

पुन्हा एक. या वेळी जोरात, माझ्या तळपायांखाली.

"उजवीकडे!" मी ओरडलो. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

मकबूलनं इंजिन कमी केलं. "एकच ठोका दिला ना तुमी?"

"मी नाही दिला."

मी दोन्ही रिकामे हात वर केले. त्याच क्षणी ठोका पडला.

मकबूलनं होडी जागच्या जागी फिरवली. इंजिनाचा पंखा चिखलात घरघरला, कशालातरी घासला. खालून आता ठोक्यांमागून ठोके येत होते, सगळ्या तळावर, पुढून मागपर्यंत. मी बांबू चिखलात रोवला आणि जीव खाऊन रेटलं. होडी सरकली, मोकळ्या पाण्यात आली.

आणि शांत झालं.

धक्क्यावर आम्ही दोघांनी मिळून मासा बर्फाच्या खोक्यात ठेवला. मला हसू येत होतं. आम्ही बाहेर आलो होतो, होडी शाबूत होती. स्कूटरवरून घरी जाताना मकबूल पुलावर आपणहून थांबला. ऊन उतरलं होतं, नदीत पाणी जवळजवळ उरलं नव्हतं. वरून ती डावीकडची फट शेवटपर्यंत दिसत होती.

आत होड्या होत्या. लाकडी, जुन्या, काही नुसत्या फासळ्या, एक फायबरची, रंग अजून टिकलेला. सगळ्या चिखलात अर्ध्या गाडलेल्या, सगळ्यांची तोंडं आतल्या बाजूला, धक्क्याला लावाव्यात तशा एकीला एक लागून ओळीत.

फायबरच्या होडीच्या पलीकडे एका होडीपुरता चिखल सारखा करून ठेवलेला होता. तो अजून ओला होता.