मँचेस्टरच्या ढिगावरची डहाळी

पत्र टाकायला निघालो होतो, एवढंच. त्रेचाळीस सालचा डिसेंबर. शनिवार होता, दुपारचे तीन वाजले असतील.

मी कर्जतच्या रेल्वे शेडमधला फिटर, चार इयत्ता शिकलेला. लढाईच्या कामाला कारागीर हवे होते, म्हणून सरकारनं काहीजणांना निवडून आठ महिने शिकायला विलायतेला पाठवलं. त्यात भिसेगावचा मी आणि खालापूरचा मालोजी. मँचेस्टर शहरात एका म्हातारीच्या घरी आम्ही दोघं राहत होतो. शिकण्याचं मला भय नव्हतं. लोखंड सगळीकडे सारखंच. जीव अडकला होता तो घरी. सुंदराला सातवा महिना होता. आधीची दोन बाळं जन्मताच गेली होती. रडलीच नव्हती. निघताना ती म्हणाली, "तुमी जावा. मी ऱ्हाईन. पर पत्र टाकत जावा."

मी कोट चढवला तेव्हा मालोजी अंथरुणात पडूनच म्हणाला, "हात धरून नेऊ का रं पेटीपत्तूर? हरवलास तर म्हातारी पेपरात छापील, काळा फिटर गावल्यास आनून द्यावा."

"गप रं," मी म्हटलं आणि निघालो.

पत्र पेटीत पडलं. परत फिरायचं, तर वाटलं, एवढ्या लांब आलोय, जरा शहर बघावं. एक गल्ली झाली, दुसरी झाली. कालव्यावरचा पूल ओलांडला. मग धुकं उतरलं. आपल्याकडचं पहाटेचं धुकं नव्हे. कोळशाच्या धुरात कालवलेलं, पिवळट, घशाला खाजवणारं. तिथे हिवाळ्यात चारलाच अंधार पडतो, आणि लढाईमुळे रस्त्यावर एकही दिवा लावायचा नाही असा हुकूम. खिडक्यांना काळी कापडं. घरं सगळी लाल विटांची, एकासारखं एक. कुठून आलो ते कळेना. विचारायला माणूस दिसेना.

एका ओळीत मधलंच एक घर नव्हतं. पडलेला दात असतो तसं. त्या जागी विटांचा ढीग होता, आणि ढिगावर कोणीतरी लाल फळांची डहाळी ठेवलेली.

खालापूरहून घाटाकडे जाताना असाच दगडांचा ढीग आहे. कोणे एके काळी तिथे वाटेवर एक बाई मेली. येणारा-जाणारा तिच्यावर हिरवी डहाळी टाकतो आणि नाव-गाव सांगून वाट मागतो. माझ्या बापानं मला लहानपणी ते शिकवलं होतं. इथेही हात आपोआप गेला. कुंपणाची एक डहाळी मोडली, ढिगावर ठेवली आणि सवयीनं बोललो, "भिसेगावचा हिरामण हाय मी. मला वाट दे बाय. तुलाबी वाट गावो."

बोललो आणि पुढे निघालो. दहा-वीस पावलं झाली असतील. मागे आवाज आला. टक्... मग काहीच नाही... टक्. जणू एकाच पायात बूट होता. मी थांबलो, तो थांबला. ओल्या चुन्याचा वास आला, नव्या भिंतीला येतो तसा. आणि माझ्या लोंबत्या हातात एक लहान हात आला.

गार होता. बोटं खरखरीत होती. मी खाली पाहिलं नाही. पाहणं झालंच नाही माझ्याच्यानं. तो हात ओढेल तसा चालत राहिलो. डावीकडे, पूल, उजवीकडे... मग हात सुटला. समोर म्हातारीचं दार होतं.

दिव्यात पाहिलं, तर माझा तळवा पांढरा झाला होता.

म्हातारीनं कुठे गेला होतास विचारलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. ती खुर्चीत बसली. म्हणाली, तीन वर्षांपूर्वी तिथे बाँब पडला. ढिगाखाली एक लहान मुलगी दोन दिवस बोलत होती, आई येईल म्हणत होती. आम्ही सगळे ऐकत होतो. माणसं उकरत होती, पण वाट काही सापडेना... मग बोलणं थांबलं.

रात्री मालोजीला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. तो उठून बसला.

"गावाचं नाव सांगितलंस?"

"सवयीनं गेलं रं तोंडातनं."

"आपली बाय आपल्या मातीतली. ती ढीग सोडीत नाय. हिला कोन धरून ठेवनार? वाट गावो म्हनालास, वर पत्ताबी दिलास." मग हळूच म्हणाला, "घरी पोटुशी बाई हाय तुझ्या..."

दुसऱ्या दिवशी उजेडात आम्ही दोघं तिथे गेलो. शब्द परत घेता येतात का, बघायचं होतं. ढीग होता. लाल फळांची डहाळी होती. माझी तेवढी नव्हती.

त्यानंतर मी पत्राची वाट बघत दिवस काढले. एप्रिलात आलं, सुंदरानं शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. आणि खाली एक ओळ, "बाकीचं पत्रात लिहिण्यासारखं नाही, आल्यावर सांगेन."

श्रावणात मी कर्जत स्टेशनावर उतरलो आणि भिसेगावापर्यंत जवळजवळ पळत गेलो. पोर पाळण्यात होती, गोरीगोमटी, बायजा नाव ठेवलेलं. तिला पोटाशी धरलं. मग सुंदराला म्हटलं, "सांग."

ती दाराकडे बघत बोलली. "दिवेलागनीला कळा आल्या. गौराबाई सुईन व्हती. पोर झाली, पर रडली नाय. निळी पडली. गौराबाईनं फडक्यात गुंडाळून बाजूला ठिवली, माझ्याकडं वळली. तवा दारात एक पोरगी हुबी व्हती. सात-आठ वर्सांची. डोकं चुन्यात घोळल्यागत. मला वाटलं, टेसनावरच्या सायबाची असंल. ती आत आली, बाळाजवळ बसली, वाकली..."

"आनि?"

"मंग बाळ रडलं."

"आनि ती पोरगी?"

"नव्हती. गौराबाई म्हनती, कोनीच आलं नाय. पर जमिनीवर पांढरी पावलं व्हती. एक बुटाचं, एक उघड्या पायाचं. तिनंच घाईघाईनं शेनानं सारवली." सुंदराचा आवाज अगदी खाली गेला. "आवं, पावलं आत आलेली व्हती. परतीची नव्हती."

मी तिला मँचेस्टरचं काही सांगितलं नाही. पुढे ती वारली, तोवर सांगितलं नाही. लेक जगली होती, आणखी काय हवं होतं आम्हाला?

बायजा दोन वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. शेडचा भोंगा रोजचाच, गावातली पोरं त्याच्यावर नाचायची. पण तिथल्या शहरात विमानं येण्याआधी असाच भोंगा वाजायचा, हे आमच्या घरात फक्त मला ठाऊक. त्या संध्याकाळी तो वाजला आणि बायजा धावत जाऊन बाजेखाली शिरली. भिंतीला अगदी चिकटून, कानांवर हात. शेजारी एका माणसाची जागा सोडलेली. मी वाकून तिथे सरकायला गेलो, तर तिनं मला ढकललं.

"तू नाय. आय येनार."

सुंदरा चुलीपुढून धावत आली, गुडघ्यावर बसली. "आले की गं माझे बाय. ही बघ, इथंच हाय मी."

पोरीनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती दाराकडे बघत होती.