चार नंबरचा प्लॉट

हिंजवडीतल्या आमच्या कृषी संशोधन प्रक्षेत्रावर एक प्रयोग एकोणचाळीस वर्षं चालला. चार नंबरच्या प्लॉटमध्ये एक वर्ष ज्वारी, दुसऱ्या वर्षी हरभरा, तिसऱ्या वर्षी जमीन पड ठेवायची. शेवटची पंधरा वर्षं माती तपासायचं काम माझ्याकडे होतं, आणि तपासल्याशिवाय विश्वास ठेवायची मला सवय नाही.

१९९६ हे पडीचं वर्ष. नव्या साहेबांना रिकामी जमीन बघवेना. त्यांनी हरभरा पेरायला लावला. एक दाणा उगवला नाही. मी खुरप्याने दोन ओळी उकरून पाहिल्या. कुजलेलं बी नाही, साल नाही. पाखरांनी खाल्लं, असं मी अहवालात लिहून टाकलं.

२००० साली जमीन गेली, मी निवृत्त झाले, तिथे काचेची इमारत उठली. २००५च्या मार्चमध्ये माझी मुलगी मैत्री तिथेच नोकरीला लागली. वारज्याच्या घरी आम्ही पेढे वाटले. सप्टेंबरात तिला तळमजल्यावर खिडकीजवळची जागा मिळाली. मी डबा द्यायच्या निमित्ताने गेले आणि शोभेला राखलेल्या आमच्या जुन्या विहिरीपासून पावलं मोजली. तिची रांग बरोबर चार नंबरवर होती.

गेटवर सुरक्षारक्षक म्हणून ज्ञानदेव होते, प्रक्षेत्रावरचे आमचे जुने मजूर. त्या रांगेत आधी कोण बसायचं, मी विचारलं.

"तीन सालामागं आठ जनं बसवली व्हती," ते म्हणाले. "मंग वरीसभर रांग रिकामीच."

"ती माणसं कुठे गेली?"

"कोन मान्सं, मॅडम?"

तीन वर्षांमागे म्हणजे २००२. तेही पडीचं. आणि हेही.

मी घाबरले आणि ते मैत्रीपासून लपवलं नाही. जागा बदलून माग म्हणाले. "आई, आता खुर्च्यांचं पण माती परीक्षण का?" म्हणत ती हसली. पण माझा चेहरा बघून सोमवारी मागते म्हणाली.

सोमवारी दुपारी तिचा फोन लागेना. मी रिक्षाने गेले.

काचेतून आठ रिकाम्या खुर्च्या दिसल्या. टेबलावर डबा नाही, ओढणी नाही, कागदाचा कपटा नाही.

रिसेप्शनवरच्या मुलीने यादी दोनदा पाहिली.

मी घरी यांना फोन केला. मैत्री घरी आली का?

"कोण?" ते म्हणाले.

मला एकटीलाच ती कशी आठवते, कळत नाही.

पुढच्या वर्षी त्या रांगेत नवी आठ मुलं बसली. अख्ख्या कंपनीत त्यांच्याइतकं काम कोणाचंच होत नाही, असं ज्ञानदेव कौतुकाने सांगत होते. पडीनंतरची ज्वारी नेहमीच दीडपट येते.