तिसरी तक्रार

आमची पहिली भेट झाली, तेव्हा आप्पांच्या कानात साबण होता. ऐन अंघोळीत पाणी गार पडले होते आणि माझे वडील कमरेला पंचा गुंडाळून न्हाणीघराच्या दारातून साऱ्या जगावर संतापले होते.

"हा गीझर आहे की जावई? मनात येईल तेव्हाच तापतो!"

"आप्पा, तुम्हाला अजून जावई कुठला?" मी बोलून गेले. आदल्या दिवशीच्या तक्रारीवरून आलेला मेकॅनिक दारात ओठ दाबून हसत होता... माझे कान तापले.

त्या गीझरला टाकी नव्हती. पाणी जोरात वाहिले की आतली ज्योत पेटायची, धार मंदावली की विझायची. त्याने खालच्या नळीतली इवलीशी जाळी काढून माझ्यासमोर धरली. क्षारांनी ती पांढरी झाली होती.

"गीझर बिचारा निर्दोष आहे. पाणीच पोचत नव्हतं त्याच्यापर्यंत. दर तीन महिन्यांनी जाळी धुवा."

"नाही धुतली तर?"

"तर मला यावं लागेल." त्याने जाळी नळाखाली धरली. "धमकी नाही हं ही!"

निघण्यापूर्वी त्याने धारेखाली मनगट धरून पाहिले, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचे पाणी पाहावे तसे.

बारा दिवसांनी, आप्पा वाचनालयात गेल्याची वेळ साधून, मी पुन्हा तक्रार नोंदवली. पाणी उत्तम तापत होते.

त्याने ज्योत पेटवणारे सेल बदलले, जाळी धुतली. वाफेने धुरकटलेला चष्मा बाहीला पुसत म्हणाला, "माझ्यासमोर तर शहाण्यासारखा वागतोय."

"तुमचा धाक असेल."

"तुम्हाला नाही वाटत माझा धाक?"

"वाटतो... थोडा."

पुढच्या आठवड्यात मी तिसरी तक्रार केली. या वेळी तो हसला नाही. गीझरचे झाकण उतरवून त्याने एकेक स्क्रू वर्तमानपत्रावर ओळीने मांडला.

"नीट आठवून सांगा ना, नक्की कधी गार पडतं? पाच मिनिटांनी? की दहा?"

तो इतक्या प्रामाणिकपणे विचारत होता, की खरे सांगायचे ते तेव्हाच सांगायला हवे होते. शब्द ओठांपर्यंत आलेही...

"दहा," मी म्हणाले. त्याने वहीत टिपून घेतले.

आठ दिवसांनी, आता सगळे सांगायचेच असे ठरवून मी कंपनीला पुन्हा तक्रारीचा फोन केला, तर एक वयस्कर मेकॅनिक आले.

"याला काय धाड भरलीय, ताई? ठणठणीत आहे की!"

"आधी यायचे ते... नाही आले?"

"त्याला हलवला. एका घरातून महिन्यात तीन तक्रारी गेल्या, की साहेब म्हणतात, हाताला कसब नाही. परगावी गोदामात टाकलाय, खोकी उचलायला. जाईपर्यंत मला विचारत होता, 'काका, त्या घरात माझं नेमकं चुकतं कुठं?'"

त्याच दुपारी मी कंपनीच्या कार्यालयात गेले आणि पहिलीनंतरच्या सगळ्या तक्रारी खोट्या होत्या, असे लिहून दिले. साहेबांनी कागद दोनदा वाचला. पण त्या मेकॅनिकच्या जागी आधीच दुसरा माणूस घेतला होता. मला मिळाला तो फक्त गोदामात गेलेल्याचा नंबर.

फोनवर माझे बोलणे त्याने मध्ये न थांबवता ऐकून घेतले.

"म्हणजे... माझं काम बरोबर होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

त्याने सोडलेला सुटकेचा सुस्कारा मला स्पष्ट ऐकू आला. रागाची तयारी करून मी फोन केला होता. ही सुटका सोसणे अधिक कठीण होते.

"मग बोलावत का होतात?"

"तुम्ही यावं म्हणून."

पलीकडे त्याने हातातले खोके खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अहो, त्या दहा मिनिटांच्या पायी मी आख्खं माहितीपुस्तक पाठ केलं!" तो हसायला गेला, ते जमले नाही. "नुसतं 'या' म्हटलं असतंत, तरी..."

"आला असतात?"

"धावत."

"आणि आता?"

"आता इथं दोन वर्षांच्या करारावर सही करून बसलोय."

मागून कोणी तरी त्याला हाक मारली. "आलो, आलो," असे त्याने त्या माणसाला सांगितले. फोन मात्र ठेवला नाही. मीही ठेवला नाही.