माझ्या दोन वाक्यांमधली जागा

विश्वास ठेवाच असं म्हणत नाही. पण हे घडलंय, आणि मेहुणी साक्षीला आहे.

त्या मंगळवारी दुपारी चारला मी एका लिफ्टच्या टपावर बसून रुळांना तेल देत होतो. ऑपेराच्या तालमीच्या हॉलमधून फोन आला. बायको गाता गाता खाली बसली होती. ती उठलीच नाही.

सव्वीस वर्षं ती कोरसमध्ये, मागच्या रांगेत. बावन्नाव्या वर्षी पहिली मोठी भूमिका मिळाली होती. मुलीची.

पाठांतरासाठी तिनं माझ्याकडून फोनवर रेकॉर्डिंग करून घेतलं होतं. त्या मुलीच्या बापाची वाक्यं मी नुसती बोलायची, तिच्या वाक्यांपुरतं गप्प राहायचं. मी मनात आकडे मोजायचो.

"आकडे नको मोजूस. माझ्या श्वासाकडे बघ."

ती समोर बसून नुसते ओठ हलवायची. मी थांबायचो.

तीन अंक झाले. चौथा राहिला. ती रोज आठवण करायची, मी रोज उद्यावर ढकलायचो. दमून यायचो हो.

ती गेल्यावर महिन्याभरानं रेकॉर्डिंग लावलं. माझं वाक्य. मग फ्रिजची घरघर. पुन्हा माझं वाक्य.

आठवड्यानं त्या रिकाम्या जागेत...

श्वास.

मग गुणगुणणं.

मग शब्द.

मेहुणीला बोलावलं. सुरुवातीला ती हसली. म्हणाली, भाऊजी, तुमचा आवाज म्हणजे गंजलेलं बिजागर.

मग ती हसायची थांबली.

दुसऱ्या अंकात एका जागी बायको नेहमी घाई करायची, समोरच्याचं वाक्य तोडायची. रेकॉर्डिंगमध्येही माझं वाक्य तुटलं.

"ताई अजून तिथं घाई करते," मेहुणी हळूच म्हणाली.

तिनं पर्स उचलली. त्यानंतर ती आलेली नाही.

पुढच्या मंगळवारी तीच जागा आली...

घाई नव्हती. माझं वाक्य पुरं होऊ दिलं, मग सुरू केलं.

सराव चाललाय.

आता तिन्ही अंक बिनचूक होतात. एक्केचाळीस मिनिटांनी रेकॉर्डिंग संपायला हवं.

संपत नाही.

एक श्वास आत घेतल्याचा ऐकू येतो... आणि तो सुटत नाही. मी फोन बंद करेपर्यंत.

चौथ्या अंकात बाप मुलीला निरोप देतो. माझी चारच वाक्यं आहेत. तिनं पेन्सिलीनं खुणा केलेली वही टेबलावर उघडी आहे. कामावरून आलो की मी समोर बसतो. तोंड उघडतो.

चौथा अंक अजून रेकॉर्ड केलेला नाही.