नाशपतीच्या दोन फोडी

"बाई, या चौकटीत सहा अक्षरं मावतात," हवालदार ल्वो काकुळतीला येऊन म्हणाला, "आणि तुमचं नाव संपतच नाही."

शीकोउच्या पोलीस चौकीत आजवर परदेशी माणूस नोंदणीला आला नव्हता. हवालदार पाऊण तास मादालेनाचा पासपोर्ट उलटसुलट करून पाहत होता. बाहेर आलुबुखार पिकतात तेव्हाचा तो चिवट, कंटाळवाणा पाऊस लागला होता. एकदा लागला की महिना महिना हलत नाही, कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी आणतो, असा.

"शांघायमध्ये मावतं," ती थकून म्हणाली.

"शांघायमध्ये चौकटी मोठ्या असतील."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. आईच्या ओळखपत्राचे कागद मांडीवर घेऊन एक माणूस बसला होता. चाळिशीचा असेल. त्याच्या छत्रीचं पाणी त्याच्याच बुटावर गळत होतं आणि त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"ल्वो दादा, पान उलटा. परदेशी लोकांचा तक्ता मागच्या बाजूला असतो."

हवालदारानं पान उलटलं. खरंच होता.

"तुम्हाला कसं माहीत?" मादालेनानं विचारलं.

"चौदा वर्षं शांघायला होतो. आम्हा बाहेरगावच्यांचे अर्ज तुम्हा परदेशी लोकांच्याच खिडकीवर मिळायचे. रांगेत उभं राहून राहून दोन्ही तक्ते पाठ झाले." मग त्यानं मान तिरकी केली. "पण तुम्ही चिनी अगदी शांघायच्या बायकांसारखं बोलता हो. डोळे मिटले तर वाटेल, कोपऱ्यावरची भाजीवाली भांडतेय."

"डोळे उघडेच ठेवा मग."

"ठेवलेत की."

हवालदार खाकरला. "घरमालकाचं नाव?"

कारखान्यानं दिलेली पत्त्याची चिठ्ठी तिनं पुढे केली. तो माणूस वाकून वाचू लागला आणि एकदम सरळ झाला. "हे तर आमचंच घर! आई काल म्हणाली, माडीवर भाडेकरू येणार. परदेशी आहे हे नाही सांगितलं."

संध्याकाळी त्यानं आईला जाब विचारला तेव्हा फांग मावशी भाजी निवडत शांतपणे म्हणाल्या, "मला कारखान्यातून एवढंच सांगितलं की बाई शांघायची आहे. आता शांघायची काय आणि परदेशी काय, आपल्याला दोन्ही सारखंच लांब."

त्याचं नाव छू वेईल्यांग. शीकोउ हे बटणांचं गाव. डोंगराच्या कुशीत, नदीच्या दोन्ही काठांना बटणांचे कारखाने, आणि त्यातल्या सगळ्यात जुन्या कारखान्यात वेईल्यांग रंग जुळवायचा. मादालेना पोर्तुगालची. युरोपातल्या कपड्यांसाठी बटणं विकत घेणाऱ्या शांघायच्या एका कचेरीत ती माल तपासायची. दोन महिने इथं राहून मोठी मागणी पार पाडायची, एवढंच तिचं काम होतं.

त्यानंतर ती कायमची घरी जाणार होती. कचेरीला तिनं तसं कळवलंही होतं. गावात मात्र अजून कुणाला बोलली नव्हती.

दमली होती ती. शांघायमध्ये बारा वर्षं काढली होती. तिथं परदेशी माणसं येतात, दोन-तीन वर्षं जिवाभावाची होतात आणि एखाद्या जूनमध्ये निघून जातात. जाताना घर रिकामं करतात. मादालेनाकडचा भाताचा कुकर एका स्वीडिश मैत्रिणीचा होता, पडदे एका केनियाच्या जोडप्याचे, रबराचं झाड कुणाचं ते तर आता तिला आठवतही नव्हतं. दर वर्षी निरोपाच्या जेवणाला जायचं, गळ्यात पडायचं, पिशवीभर वस्तू घेऊन घरी यायचं. शेवटी शेवटी तिनं नव्या माणसांची नावं लक्षात ठेवणंच सोडून दिलं होतं.

बटणाचा रंग दिव्याखाली तपासत नाहीत. सकाळी दहाच्या सुमारास, उत्तरेच्या खिडकीशी, उघड्या आभाळाच्या उजेडात तपासतात. पण त्या पावसात उजेड कुठला? मग रोज सकाळी दोघं खिडकीशी दोन स्टुलांवर बसून ढग पांगायची वाट पाहत. कधी तास, कधी दोन तास.

"हा राखी निळसर आहे," ती म्हणायची.

"निळसर नाही. पाऊस आहे तो."

"पाऊस बटणात कसा शिरेल?"

"माझ्या बनियनमध्ये शिरलाय, बटणाचं काय घेऊन बसलात!"

"नापास."

"मा मॅडम, तिसऱ्यांदा?" कारखान्यात तिला सगळे मा मॅडम म्हणत. "माझ्या बायकोनंसुद्धा मला इतक्यांदा नापास केलं नसतं."

"बायको आहे?"

"नाही ना. म्हणून तर म्हणतोय... नसतं केलं."

ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसल्यासारखं तिला वाटलं. गालाला सवय नसल्यासारखं.

एकदा त्यानं ते राखी बटण उचलून तिच्या तळहातावर ठेवलं आणि हात खिडकीकडे वळवला. त्याच्या बोटांना कसल्याशा रसायनाचा वास होता, नखांच्या कडांना जुना हिरवा रंग.

"तुमच्या हातावर सगळेच रंग वेगळे दिसतात," तो म्हणाला.

"म्हणजे आता हातही नापास?"

"हात..." तो थांबला. "हात वेगळा तपासावा लागेल. चांगल्या उजेडात."

नेमकं तेव्हाच ऊन पडलं आणि दोघंही घाईघाईनं बटणांकडे वळली.

"शांघाय का सोडलंत?" तिनं एकदा विचारलं.

"वडील आजारी पडले. पण खरं सांगू? निमित्तच हवं होतं. चौदा वर्षं तिथं रंगाच्या गिरणीत राबलो, तरी शेजारीण मला 'बाहेरचा' म्हणूनच हाक मारायची. तुम्ही परदेशी, मी परगावचा. तिथं आपण दोघंही बिऱ्हाडकरूच." मग त्यानं विचारलं, "आणि तुम्ही? इतक्या वर्षांत काय शिकलात तिथं?"

"'पुन्हा भेटू' म्हणायला. फार छान येतं मला."

तो हसला नाही. त्या दिवशी तिनं त्याला सांगून टाकलं, की माणसं येतात आणि जातात, ती दमलीय, आणि जुलै संपला की तीही जाणार. तो "बरं" म्हणाला. बराच वेळ एकाच बटणाकडे पाहत राहिला. चांगलं पास झालेलं बटण होतं ते.

पाऊस गेला, ऊन तापू लागलं. आता उजेडाची वाट पाहावी लागत नव्हती, काम पंधरा मिनिटांत व्हायचं, आणि दोघांनाही त्याचा राग यायचा. कारखान्याच्या मालकीणबाईंनी मादालेनाला एकदा सोडून दोनदा विचारलं, "आमच्याकडेच राहा ना. परवान्याचे कागद आम्ही करतो." ती हसून विषय टाळायची. एकेक माणूस सोडून जाण्याचं दुःख तिला चांगलं ओळखीचं होतं. राहायचं कसं असतं, हेच आता आठवत नव्हतं. वेईल्यांगनं मात्र राहा म्हणून एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर... पण नाही म्हटलं.

शेवटचा शनिवार आला. चार वाजता गावातून बस सुटायची, ती तालुक्याच्या स्टेशनावर शांघायची गाडी गाठून द्यायची. मादालेनानं पंखा फांग मावशींना दिला, चहाची बरणी खाली ठेवली, सवयीप्रमाणे सगळं वाटून टाकलं. वेईल्यांग बॅग उतरवायला वर आला आणि दारातच रेंगाळला.

टेबलावर मावशींनी सकाळीच ठेवलेली एक नाशपती होती. चांगली मोठी, पातळ सालीची. जाताना हातात फळ कशाला न्यायचं, म्हणून तिनं सुरीनं तिच्या दोन फोडी केल्या आणि एक त्याच्यापुढे धरली.

"घ्या."

त्यानं हात मागे घेतला. "नको."

"गोड आहे. वास बघा ना."

"नकोय मला." त्याचा चेहरा पार उतरला होता.

बारा वर्षांत तिनं किती जणांना काय काय दिलं होतं. असं हात झटकून कुणी नाही म्हटलं नव्हतं. तिनं फोड बशीत ठेवली. "ठीक आहे. माझ्या हातचं नको असेल तर..."

"तसं नाही हो!"

"मग कसं?"

आवाज ऐकून फांग मावशी जिना चढून आल्या, धापा टाकत. त्यांनी बशीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! कापलीस? दोघांत?"

"काय झालं, मावशी?"

"बारा वर्षं त्या एवढ्या मोठ्या शहरात राहिलीस आणि हे कुणी सांगितलं नाही तुला? आमच्या भाषेत नाशपती वाटून घेणं आणि ताटातूट होणं, दोन्ही बोलायला एकच. कानाला फरकच कळत नाही. म्हणून नवरा-बायको एक नाशपती दोघांत कधी खात नाहीत. ज्यांचं जमणार असतं तीही खात नाहीत."

खाली रस्त्यावर कुणाची तरी सायकल खडखडत गेली.

"पण आपण..." मादालेनानं हळूच म्हटलं, "आपण कुठे तसे आहोत?"

वेईल्यांग जमिनीकडे पाहत होता. "नाही. पण... मला जोखीम घ्यायची नव्हती."

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. ती पलंगावर बॅगेशेजारी बसली. "म्हणजे बारा वर्षं मी ऑफिसात सगळ्यांना नाशपतीच्या फोडी वाटत आले."

"मग?" मावशींनी विचारलं.

"सगळे गेले."

"जाणारच!" मावशी ठसक्यात म्हणाल्या.

आता तिघंही हसली. हसता हसता वेईल्यांग एकदम थांबला. "जाऊ नकोस," तो म्हणाला. "कितीतरी दिवस तोंडात घेऊन फिरतोय. तू म्हणालीस, लोक जातात, तू दमलीस. मग मीच कशाला आणखी ओढू तुला, असं वाटलं. पण जाऊ नकोस. मी कुठे जाणार नाही. मी आधीच परत आलोय."

तिची नजर बशीकडेच होती. फोडींच्या कडा तांबूस पडू लागल्या होत्या.

"आता यांचं काय करायचं?" तिनं विचारलं.

"शिजवायच्या," मावशींनी बशी उचललीसुद्धा. "खडीसाखर घालून. शिजवली की चालते."

"हे कुणी सांगितलं, आई?"

"मी सांगतेय. तुझ्या बापाबरोबर चाळीस वर्षं एका वाडग्यातून खाल्ली. गेला तो छातीच्या दुखण्यानं, नाशपतीनं नाही."

स्वयंपाकघरात पाणी उकळायला लागलं. दोन्ही फोडी एकाच पातेल्यात पडल्या. मादालेना दाराला टेकून उभी होती. चारला दहा मिनिटं होती.

"किती वेळ लागतो?"

"मंद आचेवर दीड तास," वेईल्यांग शेगडीपाशीच होता. तिच्याकडे वळून बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

वळणावर बसनं भोंगा वाजवला. एकदा. दोनदा. मग घाटाच्या बाजूला तिचा आवाज लहान लहान होत गेला. मादालेनानं सावकाश एक पाट ओढला आणि भिंतीला पाठ टेकून बसली. फार लांबून चालत आलेलं माणूस बसावं, तशी.

"मालकीणबाईंना उद्या भेटते," ती म्हणाली.

"उद्या रविवार."

"मग परवा. तोवर हे शिजेल ना?"

"शिजेल की," तो म्हणाला, आणि वाकून त्यानं आच आणखी मंद केली.